रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम

वाल्मीकिरामायणाच्या कथेवर आधारलेला पूर्ण लांबीचा भारतीय-जपानी सचेतनपट. निर्मितिवर्ष १९९२, कालावधी १३५ मिनिटे. जपानी माहितीपटकार यूगो साको (१९२८–२०१२) हे त्याचे संकल्पक व निर्माते होत. कोइची सासाकी, मुंबईचे राम मोहन (१९३१–२०१९) आणि स्वतः साको यांनी त्याचे दिग्दर्शन केले. मूळ संवाद इंग्रजीत व गीते संस्कृतमध्ये असून संगीत वनराज भाटिया (१९२७–२०२१) यांचे आणि गीतरचना मराठी व हिंदी लेखक वसंत देव यांची आहे. संगणकाच्या साहाय्याने चित्रे रचण्याची पद्धती रूढ होण्यापूर्वीच्या काळातील हा हस्तरेखित चित्रपट आहे. एका देशाची श्रद्धेय कथा दुसऱ्या देशातील चित्रकारांनी रेखाटावी की नाही, आणि रेखाटायची झाल्यास ती कोणाच्या नजरेतून, हा प्रश्न या चित्रपटाच्या निर्मितीत प्रथमपासून अखेरपर्यंत उपस्थित होता. त्या प्रश्नाला प्रत्यक्ष कामाच्या ओघात मिळालेले उत्तर म्हणून त्याचे महत्त्व आहे.

माध्यमाचे स्वरूप : सचेतनपटात स्थिर चित्रांच्या मालिकेतून गतीचा आभास निर्माण केला जातो. अभिनेत्याच्या चित्रपटात कॅमेऱ्यापुढे जे असते ते सर्व आपोआप चित्रित होते. वाऱ्याने हलणारे उपरणे, बोलता बोलता उचललेली भुवई, मागे उभ्या असलेल्या सेवकाची चाल यांपैकी पुष्कळ गोष्टी दिग्दर्शकाने योजलेल्या नसतात. सचेतनपटात असे काहीही आपोआप येत नाही. पडद्यावर दिसणारी प्रत्येक रेषा कोणीतरी ठरविलेली व काढलेली असते. त्यामुळे एखाद्या प्रसिद्ध ग्रंथाचे सचेतनपटात रूपांतर करताना ग्रंथकाराने न सांगितलेल्या अनेक बाबींचा निर्णय चित्रकारांना घ्यावा लागतो. ‘राम वनाकडे निघाला’ हे वाक्य कवीला पुरते. चित्रकाराला त्याचे पहिले पाऊल, वल्कलाची घडी, मागे वळून पाहणे किंवा न पाहणे, हे सर्व काढून दाखवावे लागते.

पाश्चात्त्य देशांत अद्‍भुतरम्य कथांची सचेतन रूपांतरे मूकपटांच्या काळापासून होत आली आहेत. जर्मन कलावती लॉटे राइनिगर यांनी अरबी कथांवरून केलेला छायाकृतींचा चित्रपट (१९२६) हा आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या सचेतनपटांत सर्वांत जुना मानला जातो. इंग्रज कादंबरीकार जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीवर १९७७ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी सचेतनपट झाला. त्याच्या आरेखनाचे काम टोकिओतील एका कंपनीने केले होते. टोल्कीन यांच्याच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर राल्फ बक्शी यांनी १९७८ मध्ये चित्रपट काढला. त्यात खऱ्या नटांचे चित्रण करून त्यावरून आरेखने गिरविण्याच्या रोटोस्कोप पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केलेला होता. तीन खंडांच्या कथेपैकी पहिला खंड व दुसऱ्याचा काही भागच त्यात आला, आणि कथा अर्ध्यावर सुटल्याची तक्रार प्रेक्षकांनी केली.

या उदाहरणांहून रामायणाची स्थिती दोन बाबतींत वेगळी ठरते. कादंबरीला एक लेखक व एक निश्चित संहिता असते, म्हणून रूपांतराची निष्ठा त्या संहितेशी ताडून पाहता येते. रामकथेच्या संहिता अनेक आहेत आणि प्रेक्षकाच्या मनात त्यांतील कोणती ना कोणती आधीपासून वसलेली असते. त्यामुळे कथेतील गाळलेले भाग प्रेक्षक स्वतः भरून काढू शकतो, ही सोय असते. मात्र त्याच्या मनातील प्रतिमेला धक्का लागला तर तो सहन होत नाही, ही तिची दुसरी बाजू होय.

महाराष्ट्रातील चित्रकथनाची परंपरा : मराठी समाजात रामकथा ग्रंथांइतकीच दृश्य व श्राव्य माध्यमांतून पसरलेली आहे. एकनाथांचे भावार्थ रामायण, श्रीधरांचा रामविजय आणि मोरोपंतांची अनेक रामायणे यांनी प्रत्येकी आपल्या काळाला अनुरूप असे कथेचे रूप सिद्ध केले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्रे दाखवीत व गात रामायणातील प्रसंग सांगतात. त्यांच्याकडे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहे. क्रमाने मांडलेल्या चित्रांतून कथा पुढे नेण्याची ही रीत सचेतनपटाच्या मूलतत्त्वाशी जवळचे नाते सांगणारी आहे.

देवादिकांच्या आजच्या रूढ प्रतिमा घडविण्यात राजा रविवर्मा यांच्या शिळामुद्रित चित्रांचा मोठा वाटा आहे. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईजवळ घाटकोपर येथे सुरू झाला व पुढे पुणे-मुंबई लोहमार्गावरील मळवली येथे हलविण्यात आला. तेथून निघालेल्या रंगीत चित्रांनी मध्यमवर्गीयांच्या देवघरांत व बैठकीच्या खोल्यांत स्थान मिळविले. दादासाहेब फाळके यांच्या लंकादहन (१९१७) या मूकपटाने हीच कथा पडद्यावर आणली. त्यात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने (आकाशवाणी पुणे, १९५५-५६) ५६ गीतांतून रामकथा घरोघर पोहोचविली. मुंबईहून १९६७ पासून निघू लागलेल्या अमर चित्र कथा या मालिकेने मुलांना चौकटींमध्ये मांडलेला राम दाखविला. रामाला चित्ररूप देणे ही गोष्ट अशा रीतीने नवी नव्हती. त्या चित्राला चालविणे व बोलविणे तेवढे नवे होते.

भारतीय सचेतनपटाची पूर्वपीठिका : भारतात एकेक चौकट स्वतंत्रपणे चित्रित करून गती निर्माण करण्याचा प्रयोग प्रथम फाळके यांनी केला. कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याची वाढ त्यांनी ठरावीक अंतराने टिपून पडद्यावर दाखविली. आगकाड्यांची मौज (१९१५) या लघुपटात त्यांनी आगकाड्यांच्या आकृत्या हलत्या केल्या. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये जंबूकाका हा छोटा व्यंगपट काढला. असे प्रयत्न तुरळक राहिले. सलग प्रशिक्षण व नियमित काम यांची सोय भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत १९५६ मध्ये व्यंगपट विभाग स्थापन केल्यावरच झाली. डिझ्नी चित्रसंस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील पहिल्या तुकडीला शिकविले आणि जातककथेवर आधारित द बन्यन डिअर (१९५७) हा लघुपट या प्रशिक्षणातून तयार झाला.

राम मोहन हे याच तुकडीतील. मद्रास विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी मुंबईस आले होते. ते सोडून १९५६ मध्ये त्यांनी व्यंगपट विभागात प्रवेश केला. सुमारे दशकभर तेथे काम केल्यावर ते बाहेर पडले व १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. मृणाल सेन यांच्या भुवन शोम (१९६९) व सत्यजित राय यांच्या शतरंज के खिलाडी (१९७७) या चित्रपटांतील सचेतन दृश्ये त्यांची आहेत.

तथापि त्यांच्यासारख्या कुशल कलावंतांना पूर्ण लांबीच्या कामाची संधी देशात नव्हती. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट काही मिनिटांचे असत. बाहेरची कामे मुख्यतः जाहिराती, श्रेयनामावल्या व शैक्षणिक पट यांपुरती होती. दीर्घ सचेतनपटाला शेकडो कलावंतांचे काही वर्षांचे वेतन आगाऊ लागते, आणि तेवढे भांडवल मिळेपर्यंत उत्पन्न शून्य असते. कौशल्य होते, कथा होत्या, पण त्यांना जोडणारी व्यवस्था नव्हती.

संकल्पना व अडथळे : यूगो साको १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळील उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले होते. त्या निमित्ताने त्यांचा रामकथेशी परिचय झाला. जपानला ही कथा पूर्णतः अपरिचित नव्हती. बाराव्या शतकातील होबुत्सुशू या बौद्ध कथासंग्रहात तिचे एक रूप आढळते. साको यांनी रामायणाची अनेक जपानी रूपांतरे वाचली आणि ती पडद्यावर आणण्याचे ठरविले. राम हा देव असल्यामुळे एखाद्या नटापेक्षा चित्रातूनच तो अधिक योग्य प्रकारे साकार होईल, अशी त्यांची भूमिका होती. नटाला त्याचे स्वतःचे नाव, चेहरा व इतर भूमिका यांचा पूर्वेतिहास असतो. रेषांनी घडविलेल्या पात्राला असे दुसरे आयुष्य नसते, हा या भूमिकेमागील युक्तिवाद समजण्यासारखा आहे.

साको यांच्या कामाविषयी वृत्तपत्रांतून आलेल्या चुकीच्या माहितीमुळे सुरुवातीलाच विरोध उद्‍भवला. रामायण हा भारताचा राष्ट्रीय वारसा असून परकीयाने त्याचे मनमानी चित्रीकरण करू नये, असे निषेधपत्र विश्व हिंदू परिषदेकडून दिल्लीतील जपानी वकिलातीकडे गेले. पुढे साको यांनी आपला हेतू स्पष्ट केल्यावर हा गैरसमज दूर झाला. भारत सरकारबरोबर सहनिर्मिती करावी असा त्यांचा प्रयत्न होता. परंतु विषय संवेदनशील आहे व व्यंगपटाच्या रूपात तो दाखविणे उचित नाही, या कारणाने त्याला मान्यता मिळाली नाही. अयोध्येतील वादामुळे त्या काळी हा विषय अधिकच नाजूक बनला होता.

या नकाराच्या मुळाशी ‘व्यंगपट’ या शब्दाविषयीची एक समजूत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. भारतीय प्रेक्षकाला सचेतनपट परिचित होता तो उंदीर, मांजर व बदक यांच्या विनोदी करामतींमधून. त्यामुळे चित्रांतून हलणारी आकृती म्हणजे थट्टा, असे समीकरण रूढ झाले होते. जपानमध्ये गंभीर, शोकात्म व ऐतिहासिक विषयांसाठीही हे माध्यम दीर्घकाळ वापरात होते. एकाच माध्यमाविषयी दोन समाजांच्या कल्पना भिन्न असल्यामुळे, आदर म्हणून मांडलेला प्रस्ताव अनादर म्हणून ऐकला गेला.

अखेर निर्मितीचे केंद्र जपानमध्ये ठेवण्यात आले आणि निप्पॉन रामायण फिल्म कंपनीच्या वतीने १९९० मध्ये प्रत्यक्ष कामास आरंभ झाला. सुमारे ४५० कलावंत व तंत्रज्ञ त्यात गुंतले होते.

सहकार्याचे स्वरूप : भारत व जपान यांच्यातील सहकार्याचा त्या काळात परिचित असलेला नमुना कारखानदारीतील होता. पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने जपानच्या कावासाकी कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून १९८६ मध्ये मोटारसायकल बाजारात आणली, हे त्याचे एक उदाहरण होय. अशा करारांत तंत्रज्ञान जपानकडून येई व भारतीय कामगार ते आत्मसात करीत. रामायणाच्या निर्मितीत ज्ञान दोन्ही दिशांनी वाहत होते. आरेखनाची शिस्त, कामाची विभागणी व यंत्रसामग्री जपानची होती. परंतु काय काढायचे हे ठरविण्यासाठी जपानी चित्रकारांना भारतीय सहकाऱ्यांकडून शिकावे लागत होते.

धोतर कसे नेसतात व लहान मुले वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, यांसारख्या बाबी भारतीय कलावंतांनी जपानी चित्रकारांना समजावून दिल्या. या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात. पण धोतर काढावयाचे तर निऱ्या कोठे खोचल्या जातात, काष्टा मागे कसा जातो, माणूस धावू लागला म्हणजे कोणता भाग ताणला जातो व कोणता सैल राहतो, हे हाताला ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल तर वस्त्र विजारीसारखे किंवा झग्यासारखे दिसू लागते. नमस्काराचेही तसेच. वाकण्याची गती, पायांपर्यंत जाणारा हात, मस्तकावर येणारा वडिलांचा हात आणि त्या दोहोंमधील क्षणभराचा थांबा यांतून आदर व्यक्त होतो. जपानी रीतीतील लवून केलेल्या अभिवादनाची लय निराळी आहे. एकाच अर्थाची कृती दोन संस्कृतींत दोन वेगळ्या वेगांनी घडते. सचेतनपटात तो वेग चौकटींच्या संख्येने मोजावा लागतो. परंपरेचे हे मोजमाप पुस्तकात लिहिलेले नसते. ते माणसांच्या सवयीत असते आणि म्हणून ते माणसाकडूनच शिकावे लागते.

पटकथेच्या सिद्धतेतही दोन्ही देशांतील लेखकांचा सहभाग होता. राम मोहन, सासाकी व साको यांच्यासह हिरोशी ओनोगी, रानी बुर्रा व हिंदी कवी पं. नरेंद्र शर्मा यांची नावे पटकथाकारांत आढळतात.

निर्मितिप्रक्रिया : चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने पुढे सरकते. १३५ मिनिटांच्या, म्हणजे ८,१०० सेकंदांच्या चित्रपटात सुमारे १,९४,४०० चौकटी असतात. प्रत्येक आरेखन दोन चौकटींसाठी वापरले तर त्यांची संख्या निम्म्यावर येते. स्थिर दृश्यांत ती आणखी कमी होते, तर एकाच चौकटीत अनेक पात्रे स्वतंत्र थरांवर असली म्हणजे वाढते. या चित्रपटासाठी सुमारे १,००,००० सेल हातांनी रंगविण्यात आले, असे सांगितले जाते. सेल म्हणजे पारदर्शक पत्रा. त्यावर पात्राची आकृती पुढून रेखून मागून रंग भरतात; पात्र वगळता उरलेला भाग पारदर्शक असल्याने खाली ठेवलेले पार्श्वभूमीचे चित्र दिसत राहते. त्यामुळे राजवाडा किंवा अरण्य प्रत्येक चौकटीसाठी पुन्हा काढावे लागत नाही.

कामाचा क्रम साधारणपणे असा असतो. प्रथम संपूर्ण कथा छोट्या चित्रांच्या पाट्यांवर मांडतात, हाच स्टोरीबोर्ड. त्यानंतर प्रत्येक पात्राचे समोरून, बाजूने व पाठीमागून स्वरूप निश्चित करतात, कारण शेकडो हातांनी काढलेला राम एकच दिसला पाहिजे. ज्येष्ठ चित्रकार हालचालीतील मुख्य अवस्थांची आरेखने करतात. धनुष्य उचलणे, दोरी ताणणे व बाण सोडणे या त्या अवस्था होत. त्यांच्या मधल्या टप्प्यांची आरेखने कनिष्ठ चित्रकार पूर्ण करतात. मग सेलवर रेखन, रंगभरण, तपासणी व अखेरीस उभ्या बसविलेल्या कॅमेऱ्याखाली एकेका चौकटीचे चित्रण होते. पार्श्वभूमीची चित्रे निराळे चित्रकार रंगवितात. संवाद सामान्यतः आधी ध्वनिमुद्रित करून ओठांची हालचाल त्याबरहुकूम ठरविण्याची पद्धत आहे.

या विभागणीत एकट्या कलावंताच्या प्रतिभेला फारसा अवकाश नसतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. मात्र मंदिराच्या शिल्पकामात किंवा पोथ्यांच्या चित्रणात जसे अनेक अनामिक हात एका योजनेत काम करीत, तसेच येथेही घडते. लंकेवरील युद्धासारखे हजारो वानर व राक्षस असलेले प्रसंग अशा सामूहिक श्रमाविना हातांनी उभे करणे अशक्य होते.

कथावस्तू व तिची निवड : चित्रपटाचा प्रारंभ यज्ञरक्षणासाठी विश्वामित्र राम-लक्ष्मणांना मागून नेतात या प्रसंगाने होतो. त्राटिकावध, सीतास्वयंवर, कैकेयीचे वर, वनवास, शूर्पणखेचा प्रसंग, सीताहरण, वानरांशी मैत्री, हनुमंताचे लंकागमन, सेतुबंधन, कुंभकर्ण व इंद्रजित यांच्याशी युद्ध, रावणवध आणि अयोध्येस परत येणे या क्रमाने कथा पुढे जाते. कथानकाची मर्यादा रामाच्या पुनरागमनापर्यंत ठेवल्यामुळे त्याला सरळ, वीररसप्रधान आकार लाभला आहे. उत्तरकांडातील कठीण नैतिक प्रश्न त्यामुळे बाहेर राहिले. कथेची ही बाजू महत्त्वाची मानणाऱ्या प्रेक्षकाला त्याची उणीव जाणवते.

रामानंद सागर यांच्या रामायण या दूरदर्शन मालिकेशी (१९८७-८८) या चित्रपटाची तुलना अपरिहार्य ठरते, कारण दोन्ही कृती जवळपास एकाच काळातील आहेत. मालिकेला ७८ भागांचा अवकाश होता. तिची गती संथ, संवादप्रधान व प्रवचनाच्या वळणाची होती. चित्रपटाला तीच कथा सव्वादोन तासांत सांगावयाची होती, म्हणून त्याने संवाद कमी करून दृश्यांवर भर दिला. मालिकेत तांत्रिक युक्त्यांनी दाखविलेले अद्‍भुत प्रसंग पुष्कळदा कृत्रिम वाटत. हनुमंताचे उड्डाण, कुंभकर्णाचे प्रचंड शरीर, शस्त्रास्त्रांचा संघर्ष ही दृश्ये चित्रात अधिक सहज उतरतात, कारण तेथे मनुष्य व अद्‍भुत दोन्ही एकाच रेषेचे बनलेले असतात.

संगीत व भाषा : वनराज भाटिया यांना पाश्चात्त्य व भारतीय या दोन्ही संगीतपद्धतींची उत्तम जाण होती; श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांसाठी व तमस (१९८८) या मालिकेसाठी त्यांनी दिलेले संगीत प्रसिद्ध आहे. वसंत देव यांना सारांश या चित्रपटातील गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मूळ चित्रपटात संवाद इंग्रजी व गीते संस्कृत, अशी योजना आहे. आंतरराष्ट्रीय प्रेक्षकाला कथा कळावी आणि तरीही ती परकी भासू नये, असा तिचा हेतू दिसतो. संवादाने अर्थ सांगावा व गीताने वातावरण निर्माण करावे, ही विभागणी भारतीय प्रेक्षकाच्या दृष्टीने काहीशी उलट आहे. त्याला संस्कृत जवळचे व इंग्रजी दूरचे वाटते. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा, रावणाला अमरीश पुरी यांचा व निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा यांचा आवाज देण्यात आला. दूरदर्शन मालिकेतील रामाचाच आवाज चित्रातील रामाला मिळाल्यामुळे हिंदी प्रेक्षकाच्या दृष्टीने दोन्ही कृतींत एक दुवा निर्माण झाला.

प्रदर्शन व उत्तरेतिहास : चित्रपट पूर्ण झाला त्याच सुमारास, ६ डिसेंबर १९९२ रोजी, अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी, विशेषतः डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत, भीषण दंगली झाल्या. जानेवारी १९९३ मध्येच नवी दिल्ली येथील भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविण्यात आला. दोन देशांच्या कलावंतांनी एकत्र येऊन आदराने रेखाटलेली रामकथा प्रेक्षकांपुढे येत असता रामाचे नाव देशात तीव्र संघर्षाशी जोडले गेलेले होते. त्या वातावरणात चित्रपटाला भारतात व्यापक प्रदर्शन लाभले नाही.

त्याचा खरा प्रेक्षकवर्ग पुढे दूरचित्रवाणीने मिळवून दिला. मुलांसाठीच्या वाहिन्यांवरून हिंदी आवृत्ती वारंवार दाखविण्यात आली आणि १९९० ते २०१० या काळात वाढलेल्या पिढीने ती चित्रपटगृहात नव्हे, तर घरच्या पडद्यावर पाहिली. अमेरिकेत द प्रिन्स ऑफ लाइट या नावाने निघालेल्या आवृत्तीला जेम्स अर्ल जोन्स यांचे निवेदन होते व रामाला ब्रायन क्रॅन्स्टन यांनी आवाज दिला होता. या आवृत्तीला सांता क्लॅरिटा येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २००० साली उत्कृष्ट सचेतनपटाचा पुरस्कार मिळाला. मूळ चित्रपटाची सुधारित, अधिक सुस्पष्ट प्रत तयार करून २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतभर चित्रपटगृहांत हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी या भाषांत प्रदर्शित करण्यात आला. साको व राम मोहन हे दोघेही तोवर हयात नव्हते. राम मोहन यांना २०१४ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला होता.

मूल्यमापन : या चित्रपटाच्या शैलीत जपानी सचेतनपटाची दृश्यरचना व भारतीय चित्रपरंपरेतील वेशभूषा, अलंकार व वास्तू यांचे मिश्रण आढळते. हे मिश्रण सर्वत्र सारखे साधलेले नाही. काही पात्रांच्या चेहऱ्यांवर व भावदर्शनावर जपानी संकेतांची छाप स्पष्ट आहे. लांबलचक कथा मर्यादित वेळेत बसविण्याच्या गरजेमुळे भरत, ऊर्मिला, मंदोदरी यांसारख्या पात्रांना फारसा वाव मिळत नाही. उलट पार्श्वभूमीच्या चित्रांतील बारकावे, युद्धदृश्यांची भव्यता आणि कथनातील संयम या गोष्टी हातांनी केलेल्या कामाचा उत्तम दर्जा दाखवितात. थट्टेचे माध्यम मानल्या गेलेल्या कलाप्रकारात पूज्य कथा गांभीर्याने मांडता येते, हे त्याने कृतीने दाखविले आणि ज्या आक्षेपामुळे सहनिर्मिती नाकारली गेली तो निराधार ठरविला.

भारतात पुढे पौराणिक विषयांवरील सचेतनपट निघू लागले. संगणकाधारित पांडवाज : द फाइव्ह वॉरियर्स (२०००), व्ही. जी. सामंत दिग्दर्शित हनुमान (२००५) व अर्जुन : द वॉरियर प्रिन्स (२०१२) ही त्यांची उदाहरणे होत. हनुमानला व्यावसायिक यश लाभले व त्यामुळे अशा विषयांना भांडवल मिळणे सुकर झाले. मुंबई, पुणे व अन्य शहरांत या कलेचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही निघाल्या. राम मोहन यांनीही आपल्या उत्तरायुष्याचा मोठा भाग अध्यापनास वाहिला. परंतु या संस्थांतून तयार झालेल्या कलावंतांपैकी पुष्कळांना परदेशी चित्रसंस्थांची पुरवणी कामे करावी लागतात. कथा दुसऱ्याची व हात आपले, असे या कामाचे स्वरूप असते. रामायणाच्या बाबतीत कथा आपली, पुढाकार दुसऱ्याचा आणि हात दोघांचे, अशी स्थिती होती. परंपरेचा मालक कोण, या प्रश्नाने त्याच्या निर्मितीला आरंभी अडविले. ती परंपरा जाणणाऱ्याने ती न जाणणाऱ्याला धोतराची निरी व नमस्काराची लय शिकविली, तेव्हा काम पुढे सरकले. दोन संस्कृतींतील कलावंतांच्या अशा समान पातळीवरील देवाणघेवाणीची उदाहरणे भारतीय सचेतनपटाच्या इतिहासात विरळा आहेत.